भिंगरीची सोळा पानं

नेरला जाऊन आले असं सांगितलं की पुण्यातले लोक विचारतात, "तिथे काय आहे बघायला?" यवतमाळ जिल्ह्यातलं, अमरावतीच्या वेशीजवळचं तालुक्याचं गाव. कापसाचा बाजार आहे, एसटी स्टँड आहे, स्टँडासमोर चहाच्या टपऱ्या आहेत. मीही काही बघायला गेले नव्हते. पकडायला गेले होते.

मी मुलांसाठी पुस्तकं लिहिते आणि एका छोट्या प्रकाशनात मुद्रितं तपासते. तीस वर्षं मुद्रितं तपासून डोळ्यांना एक खोड लागते. समोरच्या ओळीत चूक असणारच, असं गृहीत धरूनच मी वाचते. हळूहळू माणसांकडेही तसंच बघायला लागते. माझा मुलगा म्हणतो, आई दूधवाल्याचं 'येतो' सुद्धा दोनदा तपासते.

नोव्हेंबरात अमरावतीच्या एका वाचक बाईंनी मला फोनवर एक फोटो पाठवला. माझ्या 'भिंगरी' या चित्रपुस्तकाचं शेवटचं पान. खाली लिहिलं होतं, "नेरच्या भाचीकडे पाहिलं. आमच्या प्रतीत असा शेवट नाही. नवी आवृत्ती आली का?"

भिंगरी ही एक शेळी. ती हरवते आणि पारू नावाची मुलगी तिला शोधत हिंडते. माझ्या शेवटात पारूला टेकडीवर बोरीच्या काट्यांत अडकलेली भिंगरीची घंटी तेवढी सापडते. ती घंटी पारू घराच्या चौकटीला बांधते. मुलांना खोटं समाधान न देणारा शेवट, म्हणून त्याचं कौतुक झालं होतं, आणि मलाही त्याचा जरा अभिमान होता. फोटोतला शेवट वेगळाच होता. छापील अक्षरं, रंगीत चित्र, फक्त चित्रकार आमचा नव्हता.

प्रकाशक म्हणाले, "पायरसी. कुणीतरी तिकडे आपलं पुस्तक छापून विकतंय, आणि वर शेवटही बदलतोय." त्यांनी वकिलाकडून एक नोटीस तयार करून घेतली. नाव-पत्त्याची जागा कोरी. ती जागा भरायचं काम माझं.

नेर

जानेवारीचा पहिला आठवडा. अमरावतीहून निघालेल्या एसटीत शेजारी एक जाडजूड बाई बसल्या. बडनेरा मागे पडायच्या आत त्यांनी जात सोडून बाकी सगळं, माझं गाव, मुलं किती आणि गुडघे कसे आहेत, हे विचारून घेतलं. "नेरले कोनाकडं?" या प्रश्नाला मी "कामासाठी" म्हणाले, तेव्हा त्यांनी पिशवी माझ्या बाजूने उचलून खिडकीच्या बाजूला ठेवली. संशयाच्या बाबतीत मी एकटी नाही, हे बघून बरं वाटलं.

बाहेर तुरी उभ्या होत्या. कपाशीचं शेवटचं वेचणं चालू होतं आणि रस्त्याकडेच्या बाभळींना गाड्यांवरून उडालेला कापूस अडकला होता. आमच्याकडे इतकी मोकळी जमीन दिसली की तिच्यावर लगेच 'प्लॉट विकणे'ची पाटी लागते.

लॉजमध्ये सामान टाकलं आणि टपरीवर आलूपोहा खाल्ला. पोह्यांवर तर्री ओततात हे मी ऐकलं होतं. पण टपरीवाल्याने विचारलेल्या "कमी का जास्त?" ला मी मानीपणाने "नेहमीसारखी" म्हणाले. पुढची दहा मिनिटं मला बोलता येत नव्हतं. त्याने न सांगता पाण्याचा जग समोर आणून ठेवला आणि म्हणाला, "पुन्याच्या हाय वाट्टे."

वह्या-पुस्तकांच्या दुकानात 'भिंगरी' मागितलं. दुकानदाराने मला वरून खाली न्याहाळलं. "गोष्टीचे पुस्तकं आमी ठेवत नाई. ते शमीमआपाकडं. बाइंडिंगचं दुकान, मशिदीच्या मांगं." मग आवाज उतरवून म्हणाला, "तुमी कोन्या हापिसातून आल्या त नाई?"

मी वळले तेव्हा त्याने फोन कानाला लावलेला होता.

शमीमआपांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. दारातच लोखंडी प्रेस, शिवायला लावलेली शाळांची हजेरीपत्रकं, खळीचं पातेलं. आपा माझ्याच वयाच्या, चष्मा नाकावर, बोटं खळीने पांढरी. वडिलांच्या मागे गेली वीस वर्षं त्या एकट्याच दुकान चालवतात, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला दिसली ती मागच्या भिंतीची मांडणी. तिच्यावर मुलांची पुस्तकं, प्रत्येकाला जाड पुठ्ठा आणि कापडी पाठ. आणि एका फळीवर रांगेने तीसेक 'भिंगरी'.

मुद्देमालासमोर उभ्या राहिलेल्या फौजदाराला काय वाटत असेल ते मला त्या क्षणी कळलं.

"वाचनालयांची माहिती गोळा करतेय," मी म्हणाले आणि माहेरचं आडनाव सांगितलं. पुस्तकात माझा फोटो आणि परिचय शेवटच्या पानावर असतो. म्हणून मी मुद्दाम चष्मा बदलून आले होते.

"माहिती कोनाले पायजे?" आपांनी विचारलं.

"संस्थेला."

"कोन्त्या?"

मी एक नाव तयार केलं. त्या "हाव का" म्हणाल्या आणि खुर्ची पुढे सरकवली. मी एक प्रत काढून उघडली. बत्तीस पानं आमचीच. आमचा कागद, आमची छपाई, पान उजेडात धरलं तरी आमचीच. 'पारू टेकडीवर चढली. आणि तिला घंटी ऐकू आली' इथपर्यंत सगळं माझं. त्यापुढे जरा जाड कागदाची दोन पानं चिकटवलेली होती:

'टेकडीच्या पलीकडे दुसऱ्याच कुणाच्या शेळ्या चरत होत्या. त्यांच्यात भिंगरी होती. तिच्या मागे दोन पिलं होती. पारूने हाक मारली. भिंगरीने पाहिलं, पण ती आली नाही. मग पारू जवळ गेली आणि तिने भिंगरीच्या गळ्यातली घंटी सोडली. घंटी वाजली की माणसं शोधत येतात.'

बस. एवढंच.

खरं सांगायचं तर मला राग आला नाही. हेवा वाटला. आणि हेव्याच्या पाठोपाठ नवा संशय. हे कुणा मुलाचं काम नव्हे. कुणीतरी मोठं, लिहितं माणूस यामागे आहे. आणि माझा फोटो, परिचय गायब. मी फोन काढून हळूच त्या पानाचं चित्र घेतलं.

"फोटो कायले काढता?" पाठ माझ्याकडे असूनही आपांनी विचारलं.

"आवडलं म्हणून."

"आवडलं त वाचा. रविवारी पोट्टे येतात, तवा या." मग दाभण दोऱ्यात ओवत म्हणाल्या, "सर बी येतीन. तुमची माहिती त्याह्यलेच सांगा."

कळंब

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सर लॉजच्या दारात हजर. घोडमारे सर, गावाबाहेरच्या एका तांड्यावरच्या शाळेचे शिक्षक. चाळिशीतले, इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर न मावणारा आनंद. "मॅडम, आज शनिवार, माही सकाळची शाळा झाली का मी मोकळा. कळंबले चिंतामणीच्या दर्शनाले चला. इतक्या दूर आल्या न दर्शन नाई केलं, अशानं कसं होईन?"

माझ्या मनात लगेच आलं की मला गावाबाहेर काढायचा डाव आहे. तोवर आपा फळी रिकामी करतील. तरीही गेले, कारण बसमध्ये माणूस बोलतो.

हे तर बोलायला थांबेचनात. यवतमाळला गाडी बदलेपर्यंत त्यांनी शाळेतल्या मुलांची नावं, आवडीनिवडी आणि कोण कोणत्या शब्दाला अडतो ते सांगून टाकलं. तांड्यावरची ती मुलं घरी गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा, बोलतात. पुस्तकातली मराठी त्यांना निम्मी परकी, आणि सरांची वऱ्हाडी आणखी तिसरी. "पैल्या वर्षी मी त्याह्यचं ऐकून राह्यलो, न ते माह्यं. समजून कोनालेच काई नाई राह्यलं," सर हसत म्हणाले.

कळंबचं देऊळ जमिनीच्या पोटात आहे. आमच्याकडे देवाला जायचं तर चढायचं असतं. इथे पायऱ्या उतरत जायचं, हवा गार होत जाते, खाली कुंड आणि मूर्ती. मी हात जोडले. शेजारी सरांनीही जोडले आणि डोळे मिटूनच म्हणाले, "मॅडम, तुमी पुस्तकवाल्याच ना? प्रकाशनाच्या?"

मी कुंडातल्या पाण्याकडे बघितलं.

"आपानं वळखलं. म्हने, बाई गोष्ट उघडत नाई, आधी शिवन पाहाते. वाचनालयवाले असं नाई करत." मग डोळे उघडून म्हणाले, "लपवता कायले? पुस्तकं त तुमीच पाठवली! तुमच्या संस्थेनंच."

पायऱ्या चढून वर आलो, आणि बाहेर पेढ्यांच्या दुकानापाशी त्यांनी सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून त्यांच्या शाळेला पेटी आली. 'ग्रामीण बालवाचकांस सप्रेम भेट.' ती पेटी मला आठवली. अशा पेट्यांनी भरलेल्या टेंपोला हार घालून मीच नारळ फोडला होता. मी त्या फोटोत हसते आहे.

सरांच्या पेटीतली प्रत्येक 'भिंगरी' बत्तिसाव्या पानावर संपत होती. घंटी ऐकू येते आणि पुस्तक खतम.

"पोट्टे म्हनत, सर, मंग? मी म्हनो, मले काय माईत! मग एक दिवस डोक्यात उजेड पडला. हे मुद्दाम हाय! लेखिकेनं शेवट आपल्यासाठी सोडला. म्हटलं, बावा, काय डोकं हाय या बाईचं! मग आमी वर्गात बसून शेवट लिहिला. दोन महिने. बेचाळीस शेवट आले मॅडम, त्यातला एक मुलायनं निवडला. आपानं टाइप करून, रंगीत काढून चिकटवला, न प्रती तिच्याकडंच ठेवल्या, गावातले पोट्टे बी वाचाले नेतात. शाळेच्या भिंतीवर मी मोठ्या अक्षरात लिहिलं: 'ज्या पुस्तकाचा शेवट आम्ही लिहिला.'" ते माझ्याकडे वळले. "मले फक्त येवढं सांगा. मुद्दामच होतं ना?"

माझ्या पर्समध्ये नोटीस होती. समोर तो माणूस होता. ती लेखिका मीच, एवढं सांगून मी मान हलवली. होकारार्थी.

इतकं सोपं खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. सर इतके खूश झाले की माझ्यासाठी पाव किलो पेढे बांधून आणले.

ते बसची चौकशी करायला गेले तेवढ्यात मी प्रकाशकांना फोन लावला. 'भिंगरी'च्या काही शे प्रतींत शेवटचा फर्मा, म्हणजे शेवटची सोळा पानं, बांधायची राहिली होती, हे मला माहीत होतं. मीच त्या नापास केल्या होत्या. रद्दीत जायच्या होत्या त्या.

"त्या प्रती देणगीत गेल्या का?" मी विचारलं.

पलीकडून आधी खोकल्याचा आवाज. मग, "अहो, रद्दीत घालण्यापेक्षा बरं ना? पुठ्ठा चांगला होता, चित्रं छान होती. आणि तिथे कुणाच्या लक्षात येणार होतं?"

परतीच्या बसमध्ये सर खिडकीशी झोपले होते. त्यांच्या मांडीवरचा पेढ्यांचा पुडा प्रत्येक खड्ड्याला घसरत होता आणि मी तो पुन्हा पुन्हा सावरत होते. मी नेरला येताना सगळ्यांवर संशय घेतला होता. दुकानदारावर, आपांवर, चिंतामणीच्या दर्शनावरसुद्धा. फक्त आमच्या गोदामावर घेतला नव्हता.

पुन्हा नेर

रविवारी चार वाजता दुकानातली हजेरीपत्रकं बाजूला सरली आणि सतरंजी पसरली. पंचवीसेक मुलं. गावातली, मोहल्ल्यातली, आणि सरांबरोबर तांड्यावरून सायकलींवर आलेली. मी आधी आले होते. आपा एकट्या असताना त्यांना गाठायचं होतं.

मी काही बोलायच्या आत त्यांनी 'भिंगरी'ची एक प्रत उलगडून पाठीकडून माझ्यासमोर धरली. "हे पाहा. इथं एक जुज कमी हाय. मशीनवर चुकलेला माल. मले पैल्या दिवशीच समजलं." आम्ही ज्याला फर्मा म्हणतो त्याला त्या जुनं नाव वापरतात, जुज. "दोन पत्रं टाकली तुमच्या हापिसात. बाकीचं जुज पाठवा, मी शिवून घेतो म्हटलं. जवाब नाई."

"मग सरांना का नाही सांगितलं?"

"सर लय खूश होते," त्या म्हणाल्या. "न पोट्टे लिहून राह्यले होते. लिहिनाऱ्याले कायले थांबवा?" मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "पन तुमी काल त्याह्यले हाव म्हटलं म्हने."

मी त्यांच्या हातातली प्रत घेऊन मिटली.

"मी सांगनार नाई," आपा म्हणाल्या. "तुमचं तुमी पाहा."

सरांनी माझी ओळख करून दिली. खऱ्या नावानं, टाळ्यांसकट. मग हाक मारली, "कोमल, समोर ये." सातवीतली कोमल राठोड उठली. तेल चोपडलेल्या दोन वेण्या, आणि नजर अशी की मीच परीक्षेला बसले आहे. शेवट हिचा होता.

माझा संशय अजून पुरता गेला नव्हता. "घंटी सोडायचं कसं सुचलं?" मी विचारलं.

"सुचलं नाई. माईत होतं," ती म्हणाली. "आमच्या दादाचे दादा, म्हंजे आज्याचे आजे, बैलायवर मीठ नेत. शंभर बैल. पुढच्या बैलाच्या गळ्यात घंटी राहे, बाकीचे तिच्या मागं जात. दादा सांगे, ज्याच्या गळ्यात घंटी, त्याले कुठंच एकट्यानं जाता येत नाई. भिंगरीले त जायचं होतं."

हे कुणा मोठ्याने तिला पढवलेलं नव्हतं, एवढं तीस वर्षांची खोड जडलेल्या डोळ्यांनाही दिसलं.

सर कौतुकाने माझ्याकडे बघत होते. मुलांकडे वळून ते म्हणाले, "आता मॅडम सांगतील, त्याह्यनं हे पुस्तक अपूर्न काहून ठेवलं."

मी उभी राहिले. तोंडात कालचे पेढे अजून असल्यासारखं वाटत होतं.

"मी अपूर्ण ठेवलं नव्हतं," मी म्हणाले. "माझा शेवट वेगळा होता. छापखान्यात शेवटची सोळा पानं राहून गेली. ती पुस्तकं विकण्यासारखी नव्हती. टाकून द्यायची होती. ती तुम्हाला पाठवली. भेट म्हणून. काल मी सरांना खोटं सांगितलं."

सर मांडणीकडे बघायला लागले. त्यांचा चेहरा मला बघवला नाही म्हणून मी मुलांकडे बघितलं. त्यांनाही माझ्याकडे बघायचं नव्हतं. ती सगळी कोमलकडे बघत होती.

"टाकून द्यायची होती, त आमाले काहून देल्ली?" कोमलने विचारलं.

"आमच्या लोकांना वाटलं, तुमच्या लक्षात येणार नाही."

"आमच्या त पैल्याच दिवशी आलं."

"हो."

मागून एका मुलीने विचारलं, "मंग खरा शेवट काय हाय?"

मी सांगितला. काट्यांत अडकलेली घंटी, चौकट, वाऱ्याने वाजणं. सभागृहांमध्ये हा शेवट वाचून झाला की थोडा वेळ शांतता पसरते आणि मग टाळ्या पडतात. इथे शांतता पसरली आणि मग कोमल म्हणाली, "भिंगरी मेली का?"

"माहीत नाही."

"तुमी लिहिलं, न तुमालेच माईत नाई?"

यावर आपा एवढ्या जोरात हसल्या की खळीच्या पातेल्यावरचं झाकण वाजलं. मग मुलंही हसली. सर हसले नाहीत.

संध्याकाळची गाडी होती. आपांनी भाकरी आणि वांग्याचं भरीत डब्यात बांधून दिलं. हिरव्या मिरच्या किती घातल्यात ते त्यांनी आधीच सांगितलं. डबा परत कसा देऊ विचारलं तर म्हणाल्या, "डबा ठेवा. जुज पाठवा."

स्टँडावर सर आले. मला वाटलं नव्हतं येतील. त्यांनी आधी अमरावतीची गाडी कुठे लागते ते दाखवलं. मग म्हणाले, "भिंतीवरचं पुसू का राहू देऊ, इचार करून राह्यलो."

"लिहिलंय ते खरंच आहे, सर," मी म्हणाले. "शेवट तर त्यांनीच लिहिला."

"ते हाय," ते म्हणाले. "पन मी त्याच्या खाली तुमचे आभार बी लिहिले होते." रस्त्याकडे बघत म्हणाले, "तेवढे पुसतो."

गाडी आली. त्यांनी माझी बॅग वर चढवून दिली.

पुण्यात आल्यावर ती नोटीस मी प्रकाशकांच्या टेबलावर ठेवली. कोरी जागा मी भरली होती, आमच्याच प्रकाशनाच्या नावाने. ते आधी हसले, मग चिडले. आठवडाभर आमचं बोलणं बंद होतं. मी सांगितलं की पूर्ण प्रती नेरला गेल्या नाहीत तर माझं पुढचं पुस्तक इथे येणार नाही, आणि टेंपोच्या फोटोची गोष्ट मी इतरत्र सांगेन. अखेर पेटी गेली. या वेळी हार-नारळ नव्हता. प्रत्येक प्रत मी स्वतः उघडून पाहिली होती.

महिन्याभराने पोस्टाने पोच आली. वहीच्या पानावर, स्वच्छ, उभट अक्षरात:

'पेटी मिळाली. प्रत्येक पुस्तकाची पानं मी, आपा आणि सर यांनी मिळून मोजली. अठ्ठेचाळीस भरली. शेवट वाचला. पटला नाही. जुन्या प्रती फळीवरच राहतील. — कोमल राठोड.'